फोनचा रिमोट करायचाय? आधी टीव्ही कुठल्या वाटेने ऐकतो ते बघा

फोनवरून टीव्ही किंवा साउंडबार चालवायचा म्हटलं की बहुतेक जण ॲप स्टोअर उघडतात, 'टीव्ही रिमोट' असं शोधतात आणि वर दिसणारं पहिलं ॲप टाकतात, मग ते चालत नाही, दुसरं टाकतात, त्यात नुसत्या जाहिराती, आणि चार ॲप टाकून झाली की फोनने हे जमत नाही म्हणून विषय सोडून देतात. जमतं हो, नक्की जमतं. फक्त ॲप निवडणं हे यातलं सगळ्यात शेवटचं काम आहे. आधी बघायचं की तुमच्या घरातला टीव्ही, स्पीकर, बॉक्स हे कमांड ऐकतात कुठल्या वाटेने. ते एकदा कळलं की ॲपचं नाव आपोआप समोर येतं.

आणि दुसरी गोष्ट अगदी कळकळीने सांगतो, हे सगळं सेटिंग मूळ रिमोट हातात आहे आणि चालू आहे तोवरच करून ठेवा. रिमोट हरवल्यावर करायला बसलात तर अर्ध्या टीव्हींवर 'या फोनला परवानगी द्यायची का' असा प्रश्न येतो आणि त्याचं उत्तर द्यायला रिमोटच लागतो.

वाटा चार आहेत

इन्फ्रारेड, वायफाय, ब्लूटूथ आणि एचडीएमआयची केबल. एक कागद घ्या, टीव्हीला जे जे जोडलंय ते एकाखाली एक लिहा आणि प्रत्येकासमोर त्याची वाट लिहा. दहा मिनिटांचं काम आहे पण पुढचा सगळा गोंधळ इथेच वाचतो.

इन्फ्रारेड म्हणजे जुन्या रिमोटच्या टोकाला जो छोटा दिवा असतो त्यातून निघणारा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश, साधारण ९४० नॅनोमीटरचा. बटण दाबलं की हा दिवा ठरावीक तालात लुकलुकतो, बहुतेक कंपन्यांमध्ये सेकंदाला ३८ हजार वेळा, सोनीमध्ये ४० हजार, फिलिप्सच्या आरसी-५ पद्धतीत ३६ हजार. समोरचा टीव्ही आपल्या कामाची लुकलुक ओळखतो आणि बाकी प्रकाश सोडून देतो. या वाटेला वायफाय लागत नाही, जोडणी लागत नाही, पण मध्ये माणूस उभा राहिला किंवा बॉक्स कपाटात बंद असला की काम थांबलं.

तुमचा रिमोट इन्फ्रारेडचा आहे का हे ओळखायची पद्धत सोपी आहे. फोनचा पुढचा म्हणजे सेल्फी कॅमेरा उघडा, रिमोटचं टोक त्याच्यासमोर धरा आणि बटण दाबून ठेवा. स्क्रीनवर त्या टोकाशी फिकट जांभळा ठिपका लुकलुकताना दिसला की समजा रिमोट इन्फ्रारेड आहे आणि सेलही ठीक आहेत. मागच्या कॅमेऱ्याने करू नका, बऱ्याच फोनमध्ये त्याच्यावर इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर असतो आणि मग चांगला रिमोट बिघडलाय असं वाटतं. आता एकच बटण दाबून थांबू नका, सगळी बटणं दाबून बघा. स्ट्रीमिंग स्टिक, म्हणजे टीव्हीला लावून इंटरनेटवरचे सिनेमे दाखवणारी छोटी कांडी, तिच्यासोबत येणाऱ्या बऱ्याच रिमोटमध्ये पॉवर आणि आवाजाच्या बटणांना ठिपका दिसतो पण बाणांना, होमला, बॅकला काहीच दिसत नाही. त्याचा अर्थ तो रिमोट दोन वाटांनी बोलतो, टीव्हीशी इन्फ्रारेडने आणि स्टिकशी ब्लूटूथने. फोनवर त्या स्टिकचं ॲप टाकल्यावर बाण चालतात आणि आवाज मात्र कमी-जास्त होत नाही, ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते.

मग फोन कुठली वाट बोलू शकतो ते बघा. वायफाय आणि ब्लूटूथ सगळ्यांत असतं. इन्फ्रारेडचं तसं नाही. आयफोनमध्ये टीव्हीला कमांड पाठवायचा इन्फ्रारेड दिवा कधीच नव्हता, त्यामुळे आयफोनवर 'कुठलाही टीव्ही चालवा' असं सांगणारं इन्फ्रारेड ॲप दिसलं तर ते वेगळा डोंगल, म्हणजे फोनला लावायचा छोटा तुकडा, जोडल्याशिवाय काही करू शकणार नाही. अँड्रॉइडमध्ये २०१३ च्या ४.४ आवृत्तीपासून इन्फ्रारेडची सोय सिस्टीममध्येच आहे, पण फोनमध्ये तो दिवा पाहिजे ना. सॅमसंगच्या गॅलेक्सी एस४ पासून एस६ पर्यंत तो होता, नंतर काढला. शाओमी, रेडमी, पोको यांच्या बऱ्याच फोनमध्ये असतो, वरच्या कडेला छोटा काळा ठिपका दिसतो तो हाच. त्यांचं 'मी रिमोट' (Mi Remote) नावाचं ॲप उघडून टीव्हीची कंपनी निवडायची, मग ॲप एकेक कोड पाठवून विचारतं की टीव्ही बंद झाला का, चालू झाला का, 'हो' म्हटलं की झालं. इथे घाई करू नका. पॉवरचं बटण चाललं म्हणून लगेच सेव्ह करतात आणि मग मेन्यूचं बटण चालत नाही, कारण एकाच कंपनीचे चार-पाच कोड-संच असतात आणि त्यातले काही पॉवरपुरते जुळतात. आवाज, सोर्स, बाण, बॅक एवढं तपासून मगच सेव्ह करा.

वायफायची वाट

स्मार्ट टीव्ही असेल तर हीच तुमची मुख्य वाट. अट एकच पण ती पक्की आहे, फोन आणि टीव्ही एकाच नेटवर्कवर पाहिजेत. राउटरला २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशी दोन नावं दिसत असतील तर एकावर फोन आणि दुसऱ्यावर टीव्ही असला तरी सहसा चालतं, कारण आतून नेटवर्क एकच असतं. टीव्ही केबलने राउटरला आणि फोन वायफायवर, हेही उत्तम चालतं. चालत नाही ते गेस्ट नेटवर्क, म्हणजे राउटरवर पाहुण्यांसाठी ठेवलेलं वेगळं नाव. तिथे राउटर मुद्दाम एका उपकरणाला दुसरं दिसू देत नाही, इंटरनेट चालतं पण टीव्ही यादीत येत नाही.

आता जोडणी. नियम असा ठेवा, आधी टीव्ही किंवा बॉक्स ज्या कंपनीचा आहे तिचं स्वतःचं ॲप, ते नसेल तर टीव्हीत जी सिस्टीम आहे तिचं ॲप, आणि तेही नसेल तरच तिसऱ्या कुणाचं.

गूगल टीव्ही किंवा अँड्रॉइड टीव्ही असेल तर गूगल टीव्ही नावाच्या ॲपमध्येच रिमोट आहे, गूगल होम ॲपमध्येही आहे. जुनं वेगळं अँड्रॉइड टीव्ही रिमोटचं ॲप आता शोधत बसू नका. गूगल टीव्ही ॲपमध्ये रिमोटचं बटण दाबलं की जवळपासचे टीव्ही दिसतात, आपला निवडला की टीव्हीच्या पडद्यावर अक्षरं-आकडे मिळून ६ खुणांचा कोड येतो, तो फोनवर टाकायचा. कोड थोडाच वेळ राहतो, तेव्हा टीव्हीसमोर बसूनच करा. नंतर मेन्यूमध्ये जाऊन बोट सरकवायचा पॅड हवा की बाणांची बटणं हवीत ते निवडा. मी तरी बाणच घ्या म्हणेन, पॅडवर बोट सरकवताना दोन घरं पुढे जातं आणि टीव्हीकडे बघत बघत चालवायचं असेल तर बाण कुठे आहेत ते हाताला लवकर पाठ होतं.

फायर टीव्हीसाठी फायर टीव्हीचंच ॲप, तिथे ४ आकडी कोड येतो. ॲपल टीव्ही असेल आणि फोन आयफोन असेल तर काहीच टाकायला नको, कंट्रोल सेंटरमध्ये रिमोटचं चिन्ह असतं, नसेल तर सेटिंगमधून तिथे घाला, पहिल्यांदा ४ आकडी कोड आणि झालं. याचं 'ॲपल टीव्ही रिमोट' नावाचं जे वेगळं ॲप होतं ते २०२० मध्ये स्टोअरमधून काढून टाकलं, त्यामुळे आता त्या नावाचं काही दिसलं तर ते दुसऱ्याच कुणाचं आहे. सॅमसंगला स्मार्टथिंग्ज, एलजीला थिनक्यू. या दोन्हींमध्ये खात्याने लॉगिन करावं लागतं आणि टीव्हीवर परवानगीचा प्रश्न येतो, रिमोटने 'अलाऊ' करायचं.

रोकू नावाच्या स्टिक आणि टीव्ही असतात, त्यांचं ॲप मला फार आवडतं ते एका गोष्टीसाठी, फोनला हेडफोन लावले की टीव्हीचा आवाज फोनमधून हेडफोनमध्ये येतो. घरात कुणी झोपलंय, कुणाला कमी ऐकू येतं, अशा वेळी ही सोय फार उपयोगी पडते. रोकूमध्ये ॲप जोडलं जात नसेल तर सेटिंगमध्ये सिस्टीम, मग ॲडव्हान्स्ड सिस्टीम सेटिंग, आणि तिथे 'कंट्रोल बाय मोबाइल ॲप्स' बंद आहे का ते बघा.

जोडणी झाली की रिमोट पटकन उघडेल अशा जागी आणून ठेवा. ॲप शोधा, उघडा, टीव्ही निवडा एवढं करेपर्यंत फोनची रिंग वाजून थांबते आणि सिनेमा तसाच पुढे जातो. अँड्रॉइडमध्ये वरून खाली ओढल्यावर जे चौकोन येतात तिथे रिमोटचा चौकोन घालता येतो, आयफोनवर कंट्रोल सेंटर. हे केलं नाही तर चार दिवसांत तुम्ही पुन्हा जुन्या रिमोटवर जाल.

फोनचा खरा फायदा टायपिंगमध्ये आहे. टीव्हीवर बाणांनी एकेक अक्षर निवडत मोठा पासवर्ड टाकणं किती जिवावर येतं ते सगळ्यांना माहिती आहे. टीव्हीवर लिहायची चौकट उघडली की ॲपमध्ये कीबोर्डचं चिन्ह येतं, ते दाबायचं आणि फोनवर लिहायचं, पासवर्ड मॅनेजरमधून कॉपी-पेस्ट पण करता येतं. घरच्यांना यातलं एकच काही शिकवायचं असेल तर हे शिकवा.

बंद टीव्ही फोनने चालू का होत नाही

ॲपने टीव्ही बंद होतो, पण परत चालू करायला गेलं की ॲप म्हणतं टीव्ही सापडत नाही. कारण टीव्ही स्टँडबायमध्ये गेला की वीज वाचवायला वायफाय पण झोपवतो. मग कमांड ऐकणार कोण? यासाठी टीव्हीत एक सेटिंग असतं जे नेटवर्कचा तेवढा भाग जागा ठेवतं. सॅमसंगमध्ये नेटवर्कच्या एक्स्पर्ट सेटिंगमध्ये 'पॉवर ऑन विथ मोबाइल', एलजीमध्ये 'मोबाइल टीव्ही ऑन' किंवा 'टर्न ऑन व्हाया वायफाय', सोनीमध्ये 'रिमोट स्टार्ट', रोकू टीव्हीत 'फास्ट टीव्ही स्टार्ट'. डेनॉनच्या रिसीव्हरमध्ये (म्हणजे स्पीकर जोडायचा मोठा ॲम्प्लिफायर) 'नेटवर्क कंट्रोल' हे 'ऑलवेज ऑन' करायचं, यामाहामध्ये 'नेटवर्क स्टँडबाय'. मॉडेलप्रमाणे मेन्यूची जागा थोडी इकडेतिकडे होते पण नावं अशीच असतात.

बऱ्याच उपकरणांना जागं करायला जो निरोप जातो त्याचं नाव वेक-ऑन-लॅन. टीव्हीच्या नेटवर्क कार्डाचा जो कायमचा पत्ता असतो, ज्याला मॅक ॲड्रेस म्हणतात, तो त्या निरोपात सलग १६ वेळा लिहिलेला असतो, कार्ड तो ओळखतं आणि टीव्ही उठवतं. हे सांगायचं कारण असं की टीव्हीला वायफायचा एक पत्ता आणि केबलचा दुसरा असे दोन असतात, एखाद्या ॲपमध्ये हा पत्ता हाताने टाकायचा असेल तर टीव्ही ज्याने जोडलाय त्याचाच टाका.

हे सेटिंग चालू ठेवलं की स्टँडबायमध्ये वीज थोडी जास्त जाते, ही त्याची किंमत आहे. ज्यांना रात्री भिंतीवरच्या स्विचनेच टीव्ही बंद करायची सवय आहे त्यांच्यासाठी ही सोय नाहीच, वीजच नसेल तर कुठलाच रिमोट चालत नाही, ना फोनचा ना मूळचा.

आवाज कुठून कमी-जास्त होणार, हे ठरवा

सगळ्यात जास्त डोकेदुखी इथे आहे त्यामुळे जरा सविस्तर सांगतो. समजा टीव्ही आहे, त्याला स्ट्रीमिंग स्टिक आहे आणि साउंडबार आहे. आवाजाचं बटण तीन ठिकाणी आहे, तिघांचा आवाज वेगळा. स्टिकचा ३० वर, टीव्हीचा १५ वर, साउंडबारचा शेवटपर्यंत चढवलेला, आणि मग फोनवरचं बटण दाबून काही फरकच पडत नाही असं वाटतं. नियम एकच, आवाज एकाच ठिकाणी बदलायचा, जिथून तो खोलीत बाहेर पडतो तिथे. साउंडबार असेल तर साउंडबारचा. टीव्हीचे स्वतःचे स्पीकर सेटिंगमधून बंद करायचे आणि स्टिकचा आवाज पूर्ण ठेवून विसरून जायचं.

मग फोनवरून पाठवलेली आवाजाची कमांड साउंडबारपर्यंत पोचणार कशी? ती पोचते चौथ्या वाटेने, एचडीएमआयच्या केबलमधून. त्या केबलच्या प्लगमध्ये १९ पिना असतात, त्यातली १३ नंबरची पिन फक्त उपकरणांनी एकमेकांना कमांड सांगण्यासाठी ठेवलेली आहे. याला सीईसी म्हणतात, पण टीव्हीच्या मेन्यूत हे नाव क्वचितच सापडतं कारण प्रत्येक कंपनीने आपलं वेगळं नाव ठेवलंय. सॅमसंगमध्ये एनीनेट प्लस, एलजीमध्ये सिंपलिंक, सोनीमध्ये ब्राव्हिया सिंक, फिलिप्समध्ये इझीलिंक, पॅनासॉनिकमध्ये व्हिएरा लिंक. हे टीव्हीत चालू करा, साउंडबारमध्ये चालू करा, स्टिकमध्येही चालू करा, तिन्हीकडे. साउंडबारची केबल टीव्हीच्या ज्या भोकाशी 'एआरसी' किंवा 'ईएआरसी' लिहिलंय तिथेच लावा. एआरसी म्हणजे टीव्हीचा आवाज त्याच केबलने साउंडबारकडे पाठवायची सोय, ती २००९ मध्ये एचडीएमआय १.४ सोबत आली, त्याआधीच्या टीव्हीत ती मिळणार नाही. केबल दुसऱ्या भोकात लावून बसलेली घरं पुष्कळ असतात आणि मग सगळी सेटिंग बरोबर असून टीव्हीचा आवाज बारमध्ये येत नाही.

सीईसी नीट लागलं की सुख आहे. फोनवरून स्टिक चालू केली की टीव्ही आपोआप चालू होतो, योग्य सोर्सवर येतो, साउंडबार जागा होतो आणि बंद केलं की सगळं एकदम बंद. आयफोनवर ॲपल टीव्हीचा रिमोट उघडून बाजूची आवाजाची बटणं दाबली तर साउंडबारचा आवाज हलतो तो याच वाटेने.

पण सीईसी कधीकधी हट्टीपणा करतं हेही खरं. वेगवेगळ्या कंपन्यांचे डबे एकत्र आले की कुणीतरी मध्येच सोर्स बदलतं, गेमचा कन्सोल अपडेट घेताना टीव्ही आपणहून चालू होतो. तसं झालं तर एकेक उपकरणाचं सीईसी बंद करून बघा, गडबड करणारं सापडेल, तेवढं एक बंद ठेवायचं. आणि अचानक सगळंच अडकलं तर सगळ्यांचे प्लग भिंतीतून काढा, पाच मिनिटं थांबा, आधी टीव्ही चालू करा, मग बार, मग बाकीचे. बहुतेक वेळा एवढ्याने सुटतं.

जुन्या इन्फ्रारेड वस्तूंचं काय

चांगला चालणारा जुना ॲम्प्लिफायर, डीव्हीडी प्लेअर, वायफाय नसलेला सेट-टॉप बॉक्स, हे फेकायची गरज नाही. फोनमध्ये इन्फ्रारेड नसेल तर बाजारात छोटे इन्फ्रारेड हब मिळतात, ब्रॉडलिंक, स्विचबॉट यांचे आहेत. फोन वायफायवरून हबला सांगतो आणि हब इन्फ्रारेडने डब्याला. यातले बरेच फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, सुरुवातीची जोडणी अडकली तर फोनही तेवढ्यापुरता २.४ च्या नावावर आणा. हब अशा जागी ठेवा जिथून सगळे डबे थेट दिसतात. यादीत तुमचं मॉडेल नसेल तर 'लर्न' वर जाऊन मूळ रिमोट हबसमोर हातभर अंतरावर धरायचा आणि एकेक बटण दाबून शिकवायचं, बटण दाबून धरू नका, एकदा दाबून सोडा, नाहीतर तोच कोड दोन-तीनदा नोंदला जातो आणि नंतर एका दाबात आवाज तीन पायऱ्या उडी मारतो.

हबच्या ॲपमध्ये एका बटणाने सगळं चालू करायला एकामागोमाग जाणाऱ्या कमांडची मालिका बनवता येते. त्यात एक अडचण अशी की बहुतेक इन्फ्रारेड रिमोटमध्ये चालू करायला आणि बंद करायला एकच कोड असतो. मालिका चालवली तेव्हा टीव्ही आधीच चालू असेल तर तो बंद होतो आणि ॲम्प चालू होतो, सगळं उलटं. काही उपकरणं 'फक्त चालू' आणि 'फक्त बंद' असे वेगळे कोड ओळखतात जे रिमोटवर छापलेले नसतात, हबच्या यादीत 'पॉवर ऑन' आणि 'पॉवर ऑफ' अशी दोन बटणं दिसली तर मालिकेत तीच वापरा. आणि दोन कमांडच्या मध्ये वेळ सोडा, टीव्ही उठायला काही सेकंद घेतो, तोवर पाठवलेली सोर्सची कमांड वाया जाते.

या कामासाठी लॉजिटेकचे हार्मनी रिमोट फार नावाजलेले होते पण २०२१ मध्ये कंपनीने ते बनवणं बंद केलं. जुना हातात पडला तर कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून राहावं लागेल हे लक्षात ठेवून घ्या.

टीव्हीला कॉम्प्युटर जोडलाय त्यांच्यासाठी

कोडी (Kodi) हा सिनेमे-गाणी चालवणारा प्रोग्राम वापरत असाल तर अँड्रॉइडवर कोरे (Kore) नावाचं अधिकृत ॲप आहे, आयफोनवर ऑफिशियल कोडी रिमोट. कोडीत सेटिंग, सर्व्हिसेस, कंट्रोल इथे जाऊन 'अलाऊ रिमोट कंट्रोल व्हाया एचटीटीपी' चालू करा, युजरनेम kodi असतं, पासवर्ड तुम्ही ठेवायचा, पोर्ट ८०८०. खालीच 'इतर सिस्टीमवरच्या ॲप्लिकेशनना परवानगी' असं आहे तेही चालू करा, नाहीतर ॲप अर्धवट चालतं. मग यादीतला सिनेमा फोनवर बघून निवडायचा, टीव्हीवर मेन्यू उघडायलाच नको.

साधा विंडोज किंवा लिनक्स कॉम्प्युटर असेल तर केडीई कनेक्ट घ्या, फुकट आहे, जाहिराती नाहीत, फोनचा टचपॅड होतो, कीबोर्ड होतो, चालू गाणं थांबवता येतं. कॉम्प्युटर सापडत नसेल तर फायरवॉलमध्ये १७१४ ते १७६४ हे पोर्ट उघडे आहेत का बघा. युनिफाइड रिमोट पण चांगलं आहे, त्याचा सर्व्हर कॉम्प्युटरवर टाकावा लागतो.

अजून एक कमी लोकांना माहिती असलेली वाट सांगतो. अँड्रॉइड ९ पासून फोन स्वतःच ब्लूटूथ कीबोर्ड आणि माउस बनू शकतो, तशी ॲप स्टोअरवर आहेत. समोरच्या उपकरणावर काही टाकावं लागत नाही, वायफायही लागत नाही, फक्त ते ब्लूटूथ कीबोर्ड स्वीकारणारं पाहिजे. प्रवासात, परक्या वायफायवर हे फार कामाला येतं.

फोनवरच्या ॲपमधून व्हिडिओ टीव्हीवर लावत, म्हणजे कास्ट करत असाल तर एवढं समजून घ्या की व्हिडिओ फोनमधून जात नाही, फोन फक्त पत्ता देतो आणि टीव्ही स्वतः इंटरनेटवरून ओढतो, म्हणून फोन लॉक केला तरी सिनेमा चालू राहतो. यूट्यूबला तर दोघं एकाच नेटवर्कवर असण्याचीही गरज नाही, टीव्हीवरच्या यूट्यूबच्या सेटिंगमध्ये टीव्ही कोड असतो, तो फोनवर टाकला की फोन मोबाइल डेटावर असला तरी चालतं.

टीव्ही यादीत दिसत नाही

ॲप काढून परत टाकायच्या आधी या क्रमाने बघा. फोनचं व्हीपीएन (इंटरनेट दुसऱ्या सर्व्हरमार्फत नेणारी सोय) बंद करा, बऱ्याच वेळा कारण हेच असतं. मग फोन खरोखर वायफायवर आहे का, की सिग्नल कमी म्हणून मोबाइल डेटावर गेलाय. मग परवानगी, आयफोनमध्ये २०२० च्या आयओएस १४ पासून प्रत्येक ॲपला 'लोकल नेटवर्क' ची वेगळी परवानगी लागते, पहिल्यांदा विचारलं तेव्हा घाईत नाही म्हटलं असेल तर ॲपला घरातलं काहीच दिसत नाही आणि ॲप तसं सांगतही नाही. प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये लोकल नेटवर्कमध्ये जाऊन चालू करा. अँड्रॉइडवर 'निअरबाय डिव्हायसेस' ची परवानगी बघा. मग राउटरमध्ये 'एपी आयसोलेशन' किंवा 'क्लायंट आयसोलेशन' असं, उपकरणांना एकमेकांपासून लपवणारं काही चालू असेल तर बंद करा.

आज दिसतो, उद्या नाही, परत दिसतो असं होत असेल तर बऱ्याचदा टीव्हीचा आयपी पत्ता, म्हणजे राउटरने त्याला दिलेला नेटवर्कवरचा आकडा, बदलत असतो. राउटरच्या डीएचसीपी (पत्ते वाटणाऱ्या) सेटिंगमध्ये 'रिझर्व्हेशन' करून टीव्ही, रिसीव्हर, कोडीचा कॉम्प्युटर यांना पत्ते कायमचे देऊन टाका. हे एकदा केलं की वर्षानुवर्षं त्रास नाही.

रिमोट आधीच हरवलाय आणि वायफाय पण बदललंय

ही सगळ्यात अवघड गाठ. नवीन राउटर आलाय, टीव्ही किंवा स्टिक अजून जुनंच नाव शोधतेय, नवीन पासवर्ड टाकायला रिमोट नाही, आणि फोनचं ॲप टीव्ही नेटवर्कवर आल्याशिवाय जोडलं जात नाही. सुटते ही पण. दोन फोन लागतात. पहिल्या फोनचं हॉटस्पॉट चालू करा आणि त्याचं नाव आणि पासवर्ड हुबेहूब जुन्या वायफायसारखं ठेवा, कॅपिटल अक्षर, स्पेस, सगळं तसंच. हॉटस्पॉट २.४ गिगाहर्ट्झवर ठेवा, नवीन आयफोनमध्ये त्यासाठी 'मॅक्सिमाइझ कम्पॅटिबिलिटी' चालू करायचं. टीव्हीला वाटतं जुनं वायफाय आलं आणि तो स्वतःहून जोडला जातो. आता दुसरा फोन त्याच हॉटस्पॉटला जोडा, त्यावर रिमोटचं ॲप उघडा, टीव्ही दिसेल. त्या ॲपने टीव्हीच्या सेटिंगमध्ये जा, नवीन वायफाय निवडा, पासवर्ड टाका. त्या क्षणी ॲप तुटेल, घाबरू नका, तुटणारच, दुसरा फोन नवीन वायफायवर आणला की परत जोडलं जातं.

हे जमलं नाही तर टीव्हीला लॅनचं भोक असेल तर केबलने राउटरला जोडा, बहुतेक टीव्ही काही न विचारता केबलवर येतात. यूएसबी माउस लावून बघा, बऱ्याच स्मार्ट टीव्हींवर बाण उमटतो आणि क्लिक करता येतं. स्टिक असेल तर सीईसीमुळे टीव्हीचा रिमोट स्टिकचा मेन्यू चालवतो. आणि टीव्हीच्या खाली कंपनीच्या नावाच्या मागे किंवा मागच्या बाजूला हात फिरवून बघा, तिथे एखादं बटण किंवा छोटी दांडी असते, परवानगीच्या प्रश्नाला 'हो' म्हणण्यापुरती तीही पुरते.

ॲप टाकताना सावध राहा

'सर्व टीव्हींसाठी एकच रिमोट' म्हणणाऱ्या ॲपपैकी कितीतरी फक्त जाहिराती दाखवायला किंवा आठवड्याचं सबस्क्रिप्शन लावायला बनवलेली असतात. तीन दिवस फुकट, मग आपोआप पैसे कापले जातात, आणि ॲप डिलीट केलं तरी सबस्क्रिप्शन चालूच राहतं, ते स्टोअरमधल्या आपल्या खात्यात जाऊन वेगळं रद्द करावं लागतं. टीव्हीच्या कंपनीचं लोगो वापरलेलं असलं तरी खाली डेव्हलपरचं नाव वाचा. रिमोटला कॉन्टॅक्ट्स लागत नाहीत, मेसेज लागत नाहीत, फोटो लागत नाहीत. माइक आवाजाने शोधायचं असेल तर लागतो, लोकल नेटवर्क आणि ब्लूटूथ लागतं, इन्फ्रारेड हबच्या पहिल्या जोडणीला कधीकधी लोकेशन लागतं. याच्यापलीकडे काही मागितलं तर सरळ काढून टाका.

एकदा जोडलेला फोन टीव्हीच्या यादीत कायम राहतो हेही बघून ठेवा. पाहुण्याच्या फोनला परवानगी दिली, फोन विकला, मुलांनी मित्राचा फोन जोडला, ती सगळी नावं तिथे असतात. सॅमसंगमध्ये 'डिव्हाइस कनेक्शन मॅनेजर' मध्ये ही यादी मिळते, बाकीच्यांत कनेक्शन किंवा रिमोटच्या सेटिंगमध्ये शोधा, नको ती नावं काढा. टीव्ही किंवा स्टिक कुणाला देणार असाल तर यादी साफ करून थांबू नका, आधी फोनच्या ॲपमधून ते उपकरण काढा, मग उपकरणावर फॅक्टरी रिसेट करा, तुमची लॉगिन असलेली खाती त्याच वेळी त्यावरून जातात.